गाडीतलं गणित फुकट मिळतं, पण कुठली लायब्ररी उचलायची हे कसं ठरवतात?

चाकण म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक कांद्याचा बाजार आणि दुसरी तळेगाव चौकातलं ट्रॅफिक. त्या ट्रॅफिकमध्ये नव्या गाड्या लादलेले ट्रेलर उभे असतात. या गाड्यांमध्ये पत्रा, काच, रबर तर असतंच, पण सोबत भरपूर गणितही असतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. चाक लॉक होतंय का, हे ओळखायला चाकाच्या वेगाचा हिशोब सेकंदाला कित्येक वेळा करावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि इंजिनात किती इंधन, कधी सोडायचं याचं गणित आणखी बारीक झालं. इलेक्ट्रिक स्कूटर आल्या तेव्हा तर बॅटरीत किती चार्ज उरलाय हेच मोजावं लागतं, कारण तिथं टाकी उघडून बघायची सोय नाही.

हे सगळं गणित गाडीतले छोटे कॉम्प्युटर करतात. त्यांना ईसीयू म्हणतात आणि त्यांच्यावर चालणारा बहुतेक कोड सी लँग्वेजमध्ये असतो. काही ठिकाणी इंजिनिअर आधी चित्रासारखं मॉडेल बनवतात, पण त्यातून मशिन जो कोड तयार करून देतं तोही बऱ्याचदा सीच असतो.

आता गंमत अशी की सी भाषेला स्वतःला फारसं गणित येत नाही. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार येतो. सोबत मिळणाऱ्या मॅथ लायब्ररीत साइन, कोसाइन, लॉग, वर्गमूळ मिळतं. मॅट्रिक्स नाही, समीकरणं सोडवणं नाही, सिग्नलचं विश्लेषण नाही. घातांकासाठी साधं चिन्हसुद्धा नाही. फर्स्ट इयरला असताना अनेकांनी दोनचा घन काढायला दोन आणि तीनच्या मध्ये टोपीचं चिन्ह टाकलेलं असतं. उत्तर आठ यायला हवं, येतं एक. कारण सी मध्ये ती टोपी घातांकाची नाही, बिट उलटसुलट जुळवण्याची आहे.

मग उरलेलं गणित कुठून आणायचं? लायब्ररीतून. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेला कोड आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा. त्यातल्या बऱ्याच लायब्ररी ओपन सोर्स आहेत, पैसे पडत नाहीत. आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. सर्च केलं की पहिल्या पानावर जी दिसते ती उचलली जाते.

बाजारात काय काय आहे?

सगळ्यात नावाजलेली म्हणजे जीएसएल, पूर्ण नाव जीएनयू सायंटिफिक लायब्ररी. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे काम सुरू केलं. आज त्यात हजाराहून जास्त फंक्शन आहेत. इंटिग्रेशन, स्टॅटिस्टिक्स, कर्व्ह फिटिंग, जे इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीच्या पेपरमध्ये रडवतं ते सगळं तिथं आहे.

मॅट्रिक्ससाठी ब्लास आणि लापॅक ही जोडी. ब्लास १९७९ पासूनची, लापॅक १९९२ ची. मूळ लिखाण फोरट्रानमध्ये, पण सी मधून वापरता येतं. ओपनब्लास ही त्यातलीच आजची वेगवान आवृत्ती. तुम्ही पायथॉनमध्ये नमपाय वापरत असाल तर पोटात बऱ्याचदा हीच चालत असते.

तिसरं नाव एफएफटीडब्ल्यू. फूरिए ट्रान्सफॉर्म म्हणजे एखाद्या आवाजात किंवा कंपनात कोणकोणते सूर मिसळलेत हे वेगळं काढणं. गिअरबॉक्स घुंई करतोय, तर तो आवाज नेमक्या कोणत्या दातऱ्याचा आहे हे त्यातून कळतं. साध्या पद्धतीने १०२४ नमुन्यांवर हे केलं तर दहा लाखांवर गुणाकार होतात, वेगवान पद्धतीने काम दहा हजारांच्या घरात येतं. एमआयटीच्या दोघांनी १९९७ मध्ये ही लायब्ररी बाहेर आणली आणि नाव ठेवलं ‘फास्टेस्ट फूरिए ट्रान्सफॉर्म इन द वेस्ट’. काउबॉय सिनेमांची टिंगल करणारं नाव आहे, पण काम खरंच वेगवान.

या तिन्ही दर्जेदार आहेत, जगभरात वापरल्या जातात. म्हणून प्रश्न ‘सगळ्यात भारी कुठली’ हा नाहीच. प्रश्न असा आहे की हा कोड कुठल्या मशिनवर चालणार आणि शेवटी कुणाच्या हातात जाणार.

एक भोसरीत, एक तळवड्यात

समजा भोसरी एमआयडीसीत एक छोटं युनिट आहे. ते बेअरिंग तपासायचं मशिन बनवतं. बेअरिंग फिरवायची, कंपन मोजायचं, खराब असेल तर लाल दिवा. मशिनला साधा इंडस्ट्रियल पीसी जोडलाय, ८ जीबी मेमरी, लिनक्स.

आणि समजा तळवड्यात दुसरं युनिट आहे. ते इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीवर बसणारा बोर्ड बनवतं, ज्याला बीएमएस म्हणतात. त्यावरची चिप नखाएवढी आणि मेमरी ६४ केबी. म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका गुड मॉर्निंग फोटोलाही तिथं जागा नाही.

भोसरीवाल्याने जीएसएल आणि एफएफटीडब्ल्यू डोळे झाकून घ्यावी. त्याच्याकडे मेमरी आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे, प्रोग्रॅम बंद पडला तर ऑपरेटर पुन्हा चालू करेल.

तळवड्यात तीच निवड केली तर वाट लागेल.

कारण एक, जीएसएल मॅट्रिक्स बनवताना चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागते. पीसीवर ती मिळते. छोट्या चिपवर कधी मिळते, कधी तुकडे तुकडे होऊन संपते आणि हे कधी होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणूनच वाहन उद्योगात पाळली जाणारी मिस्रा-सी ही नियमावली अशी चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागण्याला मनाई करते.

कारण दोन तर फारच कमी लोकांना माहीत असतं. जीएसएलला चुकीचा आकडा दिला, किंवा गणित जमलं नाही, तर तिची मूळ सवय अशी की एक मेसेज छापायचा आणि अख्खा प्रोग्रॅम बंद पाडायचा. लॅपटॉपवर चूक शोधताना ही सवय उपयोगी पडते. चालत्या स्कूटरच्या बॅटरी बोर्डावर मेसेज बघणार कोण? ही सवय बंद करता येते आणि वापरात जाणाऱ्या प्रोग्रॅमने तिच्यावर विसंबू नये असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. मॅन्युअल वाचतं कोण, हा वेगळा विषय.

एफएफटीडब्ल्यूचंही तसंच. ती आधी वेगवेगळ्या पद्धती त्याच मशिनवर पळवून बघू शकते आणि सगळ्यात जलद ठरेल ती निवडते. मोठ्या प्रोसेसरवर यामुळेच ती पुढे जाते. ६४ केबीत एवढी हौस परवडत नाही.

मग तळवड्याने काय घ्यायचं? चिप आर्म कॉर्टेक्स-एम घराण्यातली असेल तर सीएमसिस-डीएसपी. ही आर्म कंपनीनेच दिलेली ओपन सोर्स लायब्ररी आहे. फिल्टर, फूरिए, छोट्या मॅट्रिक्स सगळं आहे. मेमरी ती मागत नाही, तुम्ही आधीच बाजूला काढून द्यायची. मॅट्रिक्स उलटवता आली नाही तर प्रोग्रॅम पाडत नाही, ‘जमलं नाही’ असा कोड परत देते, पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा. चिप दुसऱ्या घराण्यातली असेल, गाड्यांमध्ये इन्फिनियनच्या ट्रायकोर आणि रेनेसासच्या आरएच८५० पण बऱ्याच दिसतात, तर फूरिएसाठी किस-एफएफटी आहे. साध्या सी मध्ये लिहिलेली छोटीशी लायब्ररी, कुठल्याही चिपवर चढते. वेगात मात्र ती एफएफटीडब्ल्यूच्या मागे आहे.

आणि बऱ्याचदा लायब्ररी नकोच असते. बॅटरीचा अंदाज लावायला काल्मन फिल्टर वापरतात, त्यातली मॅट्रिक्स अनेकदा दोन बाय दोनची असते. त्यासाठी लापॅक आणणं म्हणजे दोन कप चहासाठी लग्नाच्या आचाऱ्याची कढई मागवणं. वीस-पंचवीस ओळी हाताने लिहा, विषय संपला.

सात घरांची वही

इथं थोडं थांबू, कारण लायब्ररी बरोबर निवडूनही माणूस ज्यात फसतो ती जागा ही आहे.

सी मध्ये अपूर्णांक ठेवायचे दोन मुख्य प्रकार, फ्लोट आणि डबल. फ्लोटमध्ये साधारण सात आकडे मावतात, डबलमध्ये पंधरा-सोळा. लॅपटॉपवरच्या लायब्ररी मुख्यतः डबलवर चालतात. छोट्या चिपवर मात्र, उदाहरणार्थ कॉर्टेक्स-एम४ वर, हार्डवेअरला फक्त फ्लोट येतं. डबल दिलं की ते सॉफ्टवेअरने ओढूनताणून करावं लागतं आणि कित्येक पट वेळ जातो. कॉर्टेक्स-एम० ला तर फ्लोटही हार्डवेअरमध्ये नाही, तिथं पूर्णांकांवरच भागवलेलं बरं.

त्यात सीची एक खोड आहे. तुम्ही कोडमध्ये ०.१ लिहिलं की ती ते डबल समजते. साइनचं नेहमीचं फंक्शन पण डबल, फ्लोटचं वेगळं, शेवटी एफ लावलेलं. एक अक्षर राहिलं की चिप दमते आणि कुणाला कळतही नाही. जीसीसी कंपायलरमध्ये डबल-प्रमोशन नावाची वॉर्निंग आहे, ती चालू केली की अशा जागा सापडतात.

बरं, मग सगळं फ्लोटमध्येच करू, असं म्हटलं तर काय होतं ते बघा.

बॅटरी समजा ५० अँपिअर-अवरची. विजेच्या मोजमापात ते १,८०,००० कुलंब होतात. बोर्ड सेकंदाला दहा वेळा करंट मोजतो आणि तेवढा चार्ज शिलकेतून वजा करतो. स्कूटर पार्किंगमध्ये उभी आहे. अलार्म, ट्रॅकर वगैरे मिळून ५० मिलिअँपिअर खाताहेत. दर वेळी वजा व्हायला हवेत ०.००५ कुलंब.

आता सात घरांची वही डोळ्यासमोर आणा. १,८०,००० लिहायलाच सहा घरं गेली. उरलेल्या एका घरात ०.००५ कसं लिहिणार? नाहीच लिहिता येत. फ्लोटमध्ये १,८०,००० च्या आसपास दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर साधारण ०.०१५६ आहे. त्याच्या निम्म्यापेक्षा लहान काहीही वजा केलं तर उत्तर जिथल्या तिथं. म्हणजे बोर्ड दिवसाला ८,६४,००० वेळा वजाबाकी करतो आणि शिल्लक एका कणाने हलत नाही.

खरी बॅटरी मात्र रोज १.२ अँपिअर-अवर रिकामी होतेय. तुम्ही दहा दिवस गावी जाऊन आलात तर १२ अँपिअर-अवर, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा गेला. स्क्रीनवर शंभर टक्के.

यात लायब्ररीची काहीच चूक नाही. म्हणूनच अनुभवी लोक अशी बेरीज फ्लोटमध्ये ठेवत नाहीत. मायक्रोकुलंबसारख्या बारीक एककात मोठ्या पूर्णांकात ठेवतात आणि गाडी उभी असताना बॅटरीचा व्होल्टेज बघून शिल्लक पुन्हा जुळवून घेतात.

ही फक्त पुस्तकातली भीती नाही. २५ फेब्रुवारी १९९१ ला आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक गेले. चौकशीत निघालं की सेकंदाचा दहावा भाग २४ बिटमध्ये पूर्ण मावत नव्हता. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती आणि तेवढ्यात घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं होतं.

फुकट म्हणजे कसंही नव्हे

आता कागदपत्रांकडे येऊ. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण छोट्या युनिटची ऑर्डर अडकते ती इथेच.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ या वर्गात येतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत बॅटरीचा कोड आणि पुलंचं पुस्तक एकाच कपाटात. ओपन सोर्स म्हणजे मालकाने अटींवर दिलेली परवानगी. अटी मोडल्या की परवानगी गेली.

जीएसएल आणि एफएफटीडब्ल्यू दोन्ही जीपीएल लायसन्सखाली आहेत. जीपीएलचं म्हणणं सोपं आहे. तुमच्याजवळ ठेवून हवं तसं वापरा, कुणाला काही सांगायची गरज नाही. पण तो प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातात दिला, तर त्याला सोर्स कोडही द्या. फक्त लायब्ररीचा नाही, तिच्याशी जोडलेल्या तुमच्या सगळ्या प्रोग्रॅमचा.

भोसरीवाला मशिन स्वतःच्याच शॉपमध्ये वापरत असेल तर त्याला काहीच बंधन नाही. मशिन चाकणच्या एखाद्या प्लांटला विकलं तर त्या प्लांटला कोड द्यावा लागेल. एका गिऱ्हाईकाला कोड देणं बऱ्याच जणांना जड जात नाही.

तळवड्यातल्या बोर्डाचं गणित वेगळं. तो बोर्ड स्कूटरवाल्या कंपनीकडे जातो, तिथून शोरूमला, तिथून हजारो घरांत. प्रत्येक मालकाला कोड मागायचा हक्क येतो. शिवाय जीएसएलवर जीपीएलची तिसरी आवृत्ती लागू आहे. ती म्हणते की घरगुती वापराच्या वस्तूत बदललेलं सॉफ्टवेअर बसवता येईल अशी माहितीही द्या. बॅटरीची सुरक्षा सांभाळणारा कोड कुणालाही बदलू द्यायला कुठली कंपनी तयार होईल?

एलजीपीएल नावाचा सौम्य भाऊ आहे. लायब्ररी वेगळी फाइल म्हणून राहिली तर तुमचा कोड बंद ठेवता येतो. पण छोट्या चिपवर सगळं एकाच गोळ्यात जोडलं जातं, तेव्हा लायब्ररी बदलून पुन्हा जोडता येईल असे तुकडे द्यावे लागतात. म्हणून बोर्डावर बीएसडी, एमआयटी किंवा अपाची ही लायसन्सं बरी. मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, बाकी कोड तुमचा. किस-एफएफटी आणि ओपनब्लास बीएसडीवर आहेत, सीएमसिस-डीएसपी अपाचीवर. एफएफटीडब्ल्यूच हवी असेल तर एमआयटी पैसे घेऊन वेगळं लायसन्स देते, तोही रस्ता आहे.

एक सापळा खास आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधला. ‘न्यूमरिकल रेसिपीज इन सी’ हे १९८८ चं पुस्तक. समजावलंय अप्रतिम. पण त्यातला कोड ओपन सोर्स नाही. पुस्तक घेणाऱ्याने स्वतःपुरता वापरायचा, तो सोर्स दुसऱ्याला द्यायला परवानगी नाही. तरी प्रोजेक्टमधून तो कोड कंपनीपर्यंत पोचतो. तसंच, इंटरनेटवर कुठेतरी लायसन्सशिवाय पडलेला कोड ‘फुकट’ नसतो. परवानगी लिहिलेली नाही म्हणजे परवानगी नाही.

आणि हे दुसऱ्याने केलेलं असलं तरी अंगावर येतं. सिस्कोने २००३ मध्ये लिंक्सिस ही राउटर बनवणारी कंपनी विकत घेतली. तिच्या राउटरमध्ये जीपीएलचा कोड होता आणि सोर्स नीट दिला जात नव्हता. बरीच वर्षं चर्चा चालली. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा ठोकला, मे २००९ मध्ये तडजोड झाली. तेव्हा जबाबदारी त्याची, ज्याचं नाव डब्यावर छापलेलं असतं. त्यामुळे आता मोठ्या कंपन्या पुरवठादाराकडून सॉफ्टवेअरची यादी मागतात. कुठल्या लायब्ररी, कुठली आवृत्ती, कुठलं लायसन्स. स्टीलच्या लॉटसोबत टेस्ट सर्टिफिकेट मागतात ना, तसंच.

बोर्डावर नाही, पण टेबलावर हवीच

याचा अर्थ तळवड्याने जीएसएलला हात लावू नये असा नाही. उलट तिचा सगळ्यात चांगला उपयोग तिथंच आहे.

ओपन सोर्स लायसन्समध्ये साधारणपणे स्पष्ट लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही. आणि गाड्यांच्या सुरक्षेचं आयएसओ २६२६२ हे मानक बाहेरून आणलेल्या कोडचीही तपासणी दाखवायला सांगतं. मग बोर्डावरची लायब्ररी बरोबर उत्तर देते हे सिद्ध कसं करायचं? लॅपटॉपवर जीएसएल किंवा लापॅक डबलमध्ये चालवा. तेच आकडे बोर्डाला द्या. थंड बॅटरी, गरम बॅटरी, रिकामी, भरलेली, शून्याजवळचा करंट. दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवा आणि फरक किती चालेल हे आधीच लिहून ठेवा. जीएसएल लॅपटॉपवरच राहते, गिऱ्हाईकाकडे जात नाही, त्यामुळे जीपीएलची अट लागतच नाही.

विद्यार्थ्यांनी हे सगळं मनावर घेऊन घाबरायचं कारण नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टला जीपीएल लायब्ररी बिनधास्त वापरा. फक्त पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा आणि कुठून काय घेतलं ते त्यात लिहा. उद्या त्या प्रोजेक्टचं प्रॉडक्ट करायचं ठरलं तर दोन वर्षांपूर्वीचा कोड कुणाचा, हे आठवत बसावं लागणार नाही.

आणि ज्यांचा माल आधीच बाहेर गेलाय आणि आत जीपीएलचा कोड निघालाय, त्यांच्यासाठी जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत एक खिडकी आहे. कोडच्या मालकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली, तर गेलेली परवानगी परत मिळते. जुन्या दुसऱ्या आवृत्तीत अशी सवलत नाही. एफएफटीडब्ल्यूवर ‘दुसरी किंवा त्यानंतरची’ असं लिहिलेलं असल्याने तिथं तिसरी निवडायची मोकळीक आहे, जीएसएल तर तिसरीवरच आहे.